'इन्फ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं' या प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया वाचली, नुसतं 'धन्यवाद' टाकून सटकलो असतो तर ते बरं दिसलं नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल दोन्हीचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. सरांचं म्हणणं असं की 'इन' लागला की अर्थ उलटा होतो, व्हिजिबल-इनव्हिजिबल, करेक्ट-इनकरेक्ट, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं, आणि दोन शब्दांचा अर्थ खरंच एक असेल तर भाषा दोन्ही कशाला सांभाळेल. शिवाय मराठी माणसाने इंग्रजी शब्दांचा एवढा कीस काढावाच कशाला, हेही विचारलंय.

तर 'इन' लागला की उलटा अर्थ हा नियम अर्धाच आहे हो. लॅटिनमधून आलेले 'इन' दोन आहेत, दिसायला सारखे पण नातं काही नाही. एक नकाराचा, तुम्ही सांगितलेला. दुसरा 'आत, मध्ये' सांगणारा किंवा नुसता जोर देणारा, तो इन्क्लूडमध्ये आहे, इन्फ्लेटमध्ये आहे (टायर इन्फ्लेट केला म्हणजे हवा काढली असं काही आपण समजत नाही ना). इन्फ्लॅमेबल हा इन्फ्लेमवरून आलाय, म्हणजे पेटवणे, भडकवणे. डॉक्टर इन्फ्लमेशन आहे म्हणतात तेव्हा दाह आहे, सूज आहे असंच सांगत असतात, आणि भडकाऊ भाषणाला इंग्रजी पेपर इन्फ्लेमेटरी म्हणतो, विझवणारं भाषण असं त्याला अजिबात म्हणायचं नसतं. बरं, वयाने मोठा इन्फ्लॅमेबलच आहे, तो १७ व्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत आहे, फ्लॅमेबल आला त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी आणि आल्यावरही बराच काळ त्याला कोणी विचारत नव्हतं. आणि तुमचा अर्थ खरा धरला तर आपल्या संसदेने १९५२ साली 'इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट' केला तो न पेटणाऱ्या वस्तूंसाठी केला असं म्हणावं लागेल!

आता दुसरा मुद्दा, दोन्ही कशाला ठेवले. हा प्रश्न मला खरंच आवडला, कारण याचं उत्तर कोशात मिळत नाही, ते आग विझवणाऱ्यांकडे मिळतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आग्रह धरला की पाट्यांवर, लेबलांवर फ्लॅमेबलच वापरा. का, तर 'इन' बघून तुम्ही जो अर्थ लावलात तोच अर्थ लावणारा माणूस पेट्रोलच्या पिंपाशेजारी उभा असू शकतो, आणि त्याच्या हातात बिडी असू शकते, तिथे कोण त्याला लॅटिन समजावत बसणार. ब्रिटनमधल्या स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९ मध्ये हेच धोरण धरलं. म्हणजे शब्दार्थ एकच राहिला पण वाटणी झाली, पाटीवर फ्लॅमेबल आणि तापट स्वभावाला, चिघळलेल्या वातावरणाला इन्फ्लॅमेबल, तिथे फ्लॅमेबल लिहिलं तर इंग्रजांच्या कानाला खटकतं. भाषेने दोन शब्द सांभाळले म्हणजे अर्थ दोन असलेच पाहिजेत असं नाही सर, वाचणारे दोन प्रकारचे असले तरी पुरतं.

पाटीवरच्या शब्दाने माणूस कसा वागतो याचं सगळ्यात भारी उदाहरण बेंजामिन ली व्होर्फ यांचं. भाषाशास्त्रात त्यांचं नाव मोठं, पण पोटापाण्याला ते हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आगी टाळायचं काम बघायचे. त्यांनी लिहून ठेवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, आणि 'एम्प्टी' पिंपं ठेवलेल्या जागी बिनधास्त सिगारेट ओढतात, थोटकं टाकतात. आणि जास्त धोका त्या रिकाम्यांतच, कारण जळते ती वाफ, पातळ पेट्रोल जळत नाही, हवेत त्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगीची खोटी. रिकाम्या पिंपात हे मिश्रण बरोब्बर जमून येऊ शकतं. एम्प्टी म्हणजे माल संपला हे खरंच होतं हो, पण ऐकणाऱ्याने त्यात 'आता काळजी नाही' हे आपल्या मनाने भरलं.

तुम्हाला खरा फरक हवा असेल तर तो कम्बस्टिबलमध्ये आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं. कम्बस्टिबल म्हणजेही जळणारंच, साध्या इंग्रजीत लाकूड, कागद, कोळसा सगळं कम्बस्टिबल, पण अग्निसुरक्षेच्या कामात या दोन शब्दांमध्ये चक्क एक आकडा उभा असतो, फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची एवढी वाफ सुटते की ठिणगी दाखवली की क्षणभर भडका उडेल. पेट्रोलचा तो शून्याखाली ४० च्या आसपास असतो, म्हणून हिवाळा असो की उन्हाळा ते तयारच. अमेरिकेत जुन्या हिशोबाने ३७.८ अंशांच्या खाली फ्लॅमेबल, त्यावर कम्बस्टिबल, म्हणून तिकडचं डिझेल कम्बस्टिबलमध्ये जायचं. मग २०१२ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत जागतिक पद्धत घेतली आणि ९३ अंशांपर्यंतचे सगळे द्रव फ्लॅमेबल झाले, आत त्यांच्या चार कॅटेगरी. डिझेल होतं तसंच राहिलं, शब्द बदलला! आपल्या पेट्रोलियम कायद्याने, म्हणजे १९३४ च्या, या भानगडीत न पडता सरळ ए, बी, सी केलंय, २३ अंशांच्या खाली ए म्हणजे पेट्रोल, २३ ते ६५ बी, त्यात डिझेल आणि रॉकेल, आणि ६५ ते ९३ सी. मला विचाराल तर हे जास्त शहाणपणाचं आहे. मराठीत आपण ज्वलनशील आणि ज्वालाग्राही दोन्ही लिहितो, पण बोलताना त्यात असा आकड्यांचा फरक कोणीच करत नाही.

राहिला कीस काढायचा प्रश्न. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथल्या रस्त्यावर टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लॅमेबल' वाचायला मिळतं, आणि ते वाचणाऱ्यांत मराठी शाळेत शिकलेली, 'इन म्हणजे नाही' हे पाठ केलेली माणसंच जास्त असणार. मग हा कीस मराठीत नाही काढायचा तर कुठे? टँकरवर १२०३ हा आकडाही असतो बघा, तो पेट्रोलचा युनायटेड नेशन्सचा नंबर, फायर ब्रिगेडवाले तो बघतात, पण शेजारून जाणाऱ्या बाइकवाल्याला त्यातून काय कळणार.

तेव्हा लेखातलं ते वाक्य मी बदलत नाहीये. पोरांना इतकंच सांगा की पाटी लिहायची असेल तर फ्लॅमेबल लिही, आणि इन्फ्लॅमेबल वाचलंस तर लांब उभा राहा. इनव्हॅल्युएबलवर (म्हणजे अमूल्य) तुम्ही जे शेवटी टाकलंय, की तो शब्दही 'बिनकिमतीचा' असाच हवा होता, त्यावर वेगळं लिहीन, तिथे 'इन' नकाराचाच आहे पण नकार किमतीला नाही, किंमत करता येण्याला आहे.