केटी लागली? बस की मग, चहा घे

रिझल्ट बघितलास? किती विषय राहिले, दोन? अरे दोन केट्या म्हणजे काय केट्या असतात का! आमच्या बॅचला एक होता त्याला पाच लागलेल्या आणि तो आज मस्त... बरं तो आज काय करतो ते राहू दे.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं कर की चूक तुझी नाहीच. पेपर आउट ऑफ सिलॅबस होता. सिलॅबस काय होता ते तुला माहीत नाही, पण म्हणून तर एवढ्या खात्रीने बोलता येतं ना. शिवाय मुंबई युनिव्हर्सिटी आहेच. १८५७ ची एवढी जुनी युनिव्हर्सिटी, २०१७ ला पेपर कम्प्युटरवर तपासायला घेतले तर रिझल्टची अशी वाट लागली की शेवटी कुलगुरूंची खुर्ची गेली. हे बाबांना ऐकवायला पाठ करून ठेव. तेव्हा तू सहावीत होतास हे त्यांच्या लगेच लक्षात येत नाही.

अटेंडन्सचं म्हणशील तर ७५ टक्के लागते, पण तू डोंबिवलीचा, लेक्चर सव्वासातचं, त्यात दादरला उतरून ब्रिज चढून वेस्टर्न पकडायची, एवढं करून माणूस चर्चगेटला पोचला की त्याला लेक्चर नाही, वडापाव लागतो. ब्लॅकलिस्टमध्ये नाव आलं तर मेडिकल सर्टिफिकेट आहे. फक्त टायफॉइड एका सेमला एकदाच काढ. मागे आमच्यातल्या एकाने दोनदा काढला तर मॅडमनी खरंच काळजीने घरी फोन केला.

आता अभ्यास. तो करायचाच, कोण नाही म्हणतंय. पण आधी टाइमटेबल. तीन रंगांची पेनं आण, पट्टीने रेघा मार, हे काम नीट केलं तर दोन दिवस आरामात जातात. तिसऱ्या दिवशी ते जुनं होतं, मग परत नवीन. त्यानंतर मटेरियल. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून टॉपरच्या नोट्स, सिनियरच्या नोट्स, आयएमपी क्वेश्चनची ती फिकट झेरॉक्स जिच्यात डावीकडची अक्षरं कापली गेलीयत, सगळं घे, स्पायरल बाइंडिंग कर. बाइंडिंग हातात आलं की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं मोडायला वही उघडू नये. मग ग्रुप स्टडी, मरीन ड्राइव्हला. समुद्राकडे तोंड करून बसायचं, एकाने विचारायचं "तुझं किती झालं", दुसऱ्याने म्हणायचं "काहीच नाही रे", आणि सगळ्यांनी मोकळा श्वास सोडायचा. यात एखादा खरं बोलत नसतो, तो पास होतो, त्याला पुढच्या वेळी बोलवू नका.

एक गोष्ट मात्र मेलास तरी करायची नाही. स्टाफरूममध्ये जायचं नाही. तिथे मॅडम बसलेल्या असतात, पुढ्यात डबा, बाजूला जर्नलांचा ढीग, आणि तू जाऊन नुसतं एवढं म्हणालास ना की "मॅडम, मला पहिल्या चॅप्टरपासूनच कळलं नाहीये", तर त्या डब्याचं झाकण लावून खरंच समजावायला बसतात. एकदम डेंजर. वीस मिनिटांत ती गोष्ट कळते जिच्यासाठी आपण अख्खं सेम तोंड लपवत फिरलो. मग पुढच्या पेपरात चाळीसच्या वर जाशील, केटी सुटेल, आणि कट्ट्यावर तुझ्याशी कोण बोलणार?

त्यापेक्षा केटीचा फॉर्म भर, तोही शेवटच्या तारखेनंतर, लेट फीसकट. ऑफिसच्या खिडकीपुढे रांगेत सगळी आपलीच मंडळी भेटतील. फॉर्मवर विषयाचं पूर्ण नाव लिहायला लागतं. ते पुढच्याला विचार. पेनही त्याच्याकडेच माग.