तेच तेच

घरच्या ग्रुपवर दादाने परवा लिहिलं, 'पेपरातल्या चित्रपट्ट्या बंद करा, तेवढ्या जागेत बातमी छापा. रोज तेच तेच, तेही पोराटोरांसाठी.' पुण्यातल्या सगळ्यांनी अंगठे दिले. मला इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला रात्रभर झोप लागली नाही.

दादा, तेच तेच असण्यातच गंमत आहे रे. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं 'पीनट्स' ही चित्रपट्टी काढली, हाताखाली मदतनीस न घेता. त्यात पानगळ आली की ल्यूसी फुटबॉल धरते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावतो, ती ऐनवेळी चेंडू ओढून घेते, तो पाठीवर आपटतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा धावतो. पुस्तकात सलग वाचलं तर कंटाळाही येईल. वर्षभर थांबून वाचलं की पोटात तुटतं. शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापून आली. शुल्झ आदल्या रात्रीच गेले होते.

आणि पोराटोरांसाठी? मी १९९५ च्या जानेवारीत आलो तेव्हा बर्फ म्हणजे फावडं आणि पाठदुखी, एवढंच मला ठाऊक होतं. शेजारचे आजोबा वाचून झालेला पेपर द्यायचे. त्यातल्या एका चित्रपट्टीत कॅल्विन नावाचा पोरगा आणि त्याचा वाघ त्याच बर्फात घसरगाडीवरून जन्ममरणाच्या गप्पा मारत सुसाट जायचे. तेव्हा कुठे मी दार उघडून नुसताच बाहेर उभा राहिलो. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तिचे चित्रकार बिल वॉटरसन यांनी ती मालिका थांबवली. कॅल्विनची खेळणी विकायला त्यांनी कधीच परवानगी दिली नाही. त्यांची मूळ चित्रं इथल्या विद्यापीठाच्या बिली आयर्लंड व्यंगचित्र संग्रहालयात जपून ठेवली आहेत. आपण मात्र सगळं रद्दीवाल्याला देतो, हेच मी दादाला सुनावणार होतो.

लिहिता लिहिता हात थांबला. बाबा 'सकाळ'मधला 'चिंटू' कापून पत्रात घालून पाठवायचे. मागे तारीख असायची, बाकी एक अक्षर नाही. त्यावरून मला कळायचं, त्या सकाळी ते काय बघून हसले. घर बदलताना ती पाकिटं मीच रीसायकलच्या डब्यात टाकली.

दादा, बाबांच्या कपाटात जुने अंक असतील तर एवढ्यात देऊ नकोस. मी डिसेंबरात येतोय.