पानओवा जरूर लावा, पण रोज पाणी घालू नका

‘ओव्याचं झाड घरात कुठेही ठेवा, रोज पाणी घाला. डास पळतील, हवा शुद्ध होईल, शिवाय घरचा ओवा मिळेल.’ पावसाळा आला की हा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. झाड गुणी आहे यात शंका नाही. जाड लवदार पानं, कुंडीबाहेर लोंबणाऱ्या फांद्या, लाड न करताही वाढणारं. पण या सल्ल्याने ते मरतं, म्हणून लिहिते आहे.

ओवा मिळणार नाही. मसाल्याच्या डब्यातला ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल ही द्रव्यं दोघांत असतात, म्हणून वास जुळतो.

‘रोज पाणी’ सगळ्यात घातक. पानं गरदार असतात, पाणी त्यांतच साठतं. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, खोड बुडाशी काळं पडतं, पानं माना टाकतात. झाड तहानलंय असं वाटून माणूस आणखी पाणी घालतो! मातीत बोट खुपसा. दोन पेरं कोरडी लागली तरच घाला. पागोळ्यांखाली कुंडी नको. ‘कुठेही’सुद्धा नाही: अंधाऱ्या कोपऱ्यात फांद्या नुसत्या लांबतात, पानं विरळ होतात. पूर्वेची खिडकी उत्तम.

आता डास. सुगंधी तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं, पान चुरडलं की दरवळतं. काढलेल्या तेलाचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण म्हणून खिडकीतल्या नुसत्या झाडामुळे डास जात नाहीत. उलट रोजच्या पाण्याने कुंडीखालची ताटली भरते आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथेच वाढतो. उन्हापावसाच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती नुसती ओतू नका, घासा.

हवेचा दावा नासाच्या 1989च्या प्रयोगावर उभा आहे, आणि तो प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अभ्यास एकत्र तपासले. इमारतीत नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते, तेवढ्यासाठी दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब.

वीतभर फांदी तोडा, खालची पानं काढून वाळूमिश्रित मातीत खोचा. शेंडे खुडत राहिलात तर रोप भरगच्च होतं आणि खुडलेल्या पानांची भजी होतात. घरात मांजर असेल तर कुंडी उंच टांगा. ही पानं खाऊन त्याला उलट्या होऊ शकतात.