बाबांच्या रेडिओची घरघर: एक स्टार दिलेल्या ताईंना दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की बाबांचा जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर आमच्याकडून दुरुस्त करून नेला, साडेचारशे रुपये दिले, आणि घरी आकाशवाणीचं पुणे केंद्र लावलं तर नुसती घरघर. परत आणलात तेव्हा काउंटरवरच्या मुलाने लावून दाखवला, "आमच्याकडे तर स्वच्छ वाजतोय" म्हणाला आणि तसंच पाठवून दिलं. त्याबद्दल आधी माफी मागतो. तो खोटं बोलला नाही, पण वयस्कर माणसाला दोनदा रिक्षाने यायला लावून एवढंच ऐकवणं चूकच. मी दुकानात असतो तर खाली लिहितोय ते तेव्हाच सांगितलं असतं.

"पैसे उगाच घेतले" हे मात्र मान्य नाही. व्हॉल्यूम कंट्रोल बदलला, वाळलेले दोन कंडेन्सर बदलले, अँटेनाच्या कॉइलची तुटलेली तार पुन्हा जोडली. काढलेले पार्ट पुडीत बांधून सेटसोबत दिले आहेत.

तुमच्याच रिव्ह्यूत एक ओळ आहे: "गॅलरीत नेला की बरा चालतो." माझ्या दृष्टीने सगळं त्यात आलं. बिघाड सेटमध्ये असता तर तो गॅलरीतही घरघरला असता. स्लॅबच्या घरात स्टेशन थोडं कमी पकडतं हे खरं, पण त्याने आवाज बारीक होतो, मागे फस्स येतं. सलग घर्र्र येतं ते घरातल्याच कुठल्यातरी वस्तूचं.

पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. मीडियम वेव्हमध्ये कार्यक्रमाचा आवाज लहरीच्या कमीजास्त जोरात भरलेला असतो, त्यामुळे विजेची कुठलीही कुरकुर त्यात सरळ मिसळते. एफएमला हा त्रास फारसा होत नाही. पूर्वीच्या पिवळ्या बल्बमध्ये नुसती तापणारी तार असायची. आता एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. स्वस्त मालात ती कुरकुर अडवणारा फिल्टर धड नसतो. मग घरातलं वायरिंगच अँटेना होतं.

शोधायचं कसं ते सांगतो. रेडिओ सेलवर चालवा, अॅडॉप्टरवर नको. घरात इन्व्हर्टर असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर मेन बंद केल्याबरोबर तोच सुरू होईल आणि काही कळणार नाही. रेडिओ ७९२ वर ठेवून कोणाला तरी मेन स्विच पाडायला सांगा. घरघर थांबली तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक एमसीबी (मेनच्या बोर्डावरचा छोटा स्विच) पाडत जा, खोली सापडेल. त्या खोलीतल्या वस्तूंचे प्लग एकेक करून उपटा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बॉक्सचा अॅडॉप्टर चालूच राहतो, म्हणून प्लगच काढायचा. पंख्याचा टप्पे नसलेला, सलग गोल फिरणारा रेग्युलेटरही बघा. तो विजेची लाट कापून वेग कमी करतो, त्याचा गुरगुराट ओळखू येतो. टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरला तो त्रास नसतो.

मागे एका निवृत्त शिक्षिकेकडे मी दोन तास बसलो होतो. राउटर काढला, सगळे बल्ब काढले, तरी घरघर चालूच. शेवटी रेडिओ हातात धरून घरभर फिरलो. देव्हाऱ्यासमोर आलो आणि निवेदकाचा आवाजच बुडाला. तिथला छोटा लाल एलईडी दिवा दिवसरात्र चालू असायचा, म्हणून तो कोणाच्या हिशेबातच नव्हता. त्यांनी आधी देवाला नमस्कार केला, मग प्लग काढला, आणि बातम्या खोलीभर ऐकू आल्या. देवापुढे आता तेलाची समई असते.

मेन पाडूनही घरघर राहिली तर ती शेजारून किंवा रस्त्यावरून येते. अशा वेळी रेडिओ उभा ठेवून हळूहळू गोल फिरवा. आतली अँटेनाची फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करते तिकडून सगळ्यात कमी पकडते, त्यामुळे एका कोनात घरघर एकदम पडते. बाबांनी तोच कोन धरून रेडिओ ठेवावा.

येत्या रविवारी मी स्वतः घरी येतो, त्याचे पैसे नाहीत. माझा छोटा रेडिओ सोबत आणतो, दोन्ही शेजारी ठेवून ऐकू. माझा स्वच्छ वाजला आणि बाबांचा घरघरला तर साडेचारशे रुपये तिथल्या तिथे परत. घरघर सकाळच्या बातम्यांच्या वेळी जास्त असते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बातम्यांच्या आधीच पोहोचतो. तोवर घरातलं काही बदलू नका, बाबा रोज लावतात ते सगळं तसंच चालू असू दे.