मीटर १ वर आला म्हणजे अँटेना जुळला, असं नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून हर्णैपर्यंत मासेमारी नौकावाल्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतोय. शीर्षक आहे "वायरलेसचा पल्ला दुप्पट करा". मजकूर थोडक्यात असा: एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) १ वर आला की अँटेना उत्तम जुळला. सेटपासून अँटेनापर्यंतची केबल बरोबर १८ फूट हवी, उरली तर गुंडाळून ठेवा, पण कापू नका. अँटेनाची काठी जितकी लांब तितका पल्ला जास्त. एवढं करूनही कमी पडलं तर बूस्टर, म्हणजे सेटची शक्ती वाढवणारं यंत्र, लावा. शेवटी पुरावा दिलाय, की एका तांडेलाने (नौकेच्या म्होरक्याने) हे सगळं केलं आणि रात्री थेट गुजरातमधल्या वेरावळच्या बोटीशी बोलला.

मी या किनाऱ्यावर वायरलेस सेट बसवतो, दुरुस्त करतो. हा निरोप वाचून लोकांनी चांगल्या चालणाऱ्या अँटेनाची वाट लावलेली पाहिली, म्हणून लिहितोय. चाळीस वाव खोल पाण्यात मोबाइलला रेंज नसते. इंजिन बंद पडलं, माणूस पाण्यात गेला, तर हाक मारायला वायरलेसचा संकटकाळचा चॅनल १६ असतो, आणि ती हाक पोचणार की नाही हे त्या काठीवर आणि केबलवर ठरतं.

या निरोपाचं मूळ लपत नाही. १८ फुटांची केबल, लांब काठी, बूस्टर ही सगळी अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओची भाषा आहे. सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झवर, तिथे एक लहर साधारण ११ मीटर लांब. आपल्या नौकेवरचा व्हीएचएफ वायरलेस सेट चालतो १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास, लहर १.९ मीटर. कोणीतरी तिकडचा सल्ला जसाच्या तसा मराठीत आणला आणि ट्रकच्या जागी नौका घातली.

आता मीटरचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतंय. एसडब्ल्यूआर मीटर एवढंच मोजतो, की सेटने पाठवलेल्या शक्तीतली किती परत आली. १ म्हणजे काहीच परत आलं नाही, आकडा जितका मोठा तितकं जास्त परत आलं. जी परत आली नाही ती हवेत गेली की वाटेतच केबलमध्ये जिरली, हे त्याला कळत नाही. सेट तपासताना आम्ही अँटेनाऐवजी ५० ओहमचा एक डमी लोड लावतो, तो सगळी शक्ती स्वतःतच जिरवतो. त्यावर मीटर झकास १ दाखवतो आणि बाहेर आवाज जवळजवळ काहीच जात नाही.

पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत नौका वर ओढलेली असताना एका नाखव्याने (नौकामालकाने) बोलावलं. मीटर १.३ दाखवत होता. "मीटर चांगला दाखवतोय, मग आवाज का जात नाय?" हा त्याचा प्रश्न. मी डोलकाठीवर चढून अँटेनाचा प्लग सोडवला, केबलचं टोक मोकळं ठेवलं आणि खालून सेट १ वॉटवर ठेवून क्षणभर बटण दाबायला सांगितलं. टोकाला काहीच नाही म्हटल्यावर जवळजवळ सगळी शक्ती परत येऊन काटा टोकाकडे बराच वर जायला हवा होता. दाखवला १.७. याचा अर्थ जाताना आणि येताना मिळून केबल एवढी शक्ती गिळत होती की परत यायला फारसं काही उरतच नव्हतं. हिशेब केला तर सेटच्या २५ वॉटपैकी वरपर्यंत जेमतेम ६ वॉट पोचत होते. प्लगपासून हातभर खाली केबलचं काळं आवरण ब्लेडने उभं चिरलं. आतली तांब्याची जाळी चकचकीत असायला हवी, ती काळी-हिरवी भुकटी झाली होती, बोटाने चोळली तर गळून पडत होती. दाबल्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब आले. वरच्या प्लगवर टेप नव्हती, आणि जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी आत ओढत राहते. केबल जसजशी सडत गेली तसतसा मीटर सुधारत गेला आणि नाखवा खूश होत गेला.

उलट बाजूही सांगतो. मीटर १.५ दाखवतो तेव्हा परत येते फक्त ४ टक्के शक्ती, २ वर ११ टक्के. पलीकडच्या माणसाला यातला फरक ऐकूही येणार नाही. काळजी करायची ती ३ वर, तिथे चौथा हिस्सा परत येतो आणि बरेच सेट स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतात. म्हणजे १.८ चा १.१ करण्यासाठी करवत घेऊन डोलकाठीवर चढणं शुद्ध वेडेपणा आहे. सीबीच्या पावणेतीन मीटरच्या काठीतून १ सेंटिमीटर कापला तर अँटेना सुमारे ०.१ मेगाहर्ट्झने सरकतो. आपल्या व्हीएचएफच्या ४५ सेंटिमीटरच्या काठीतून तेवढाच कापला तर तो तीन मेगाहर्ट्झहून जास्त सरकतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. फायबरच्या नळीतले बंद अँटेने तर कारखान्यातूनच जुळवून येतात, त्यांना हात लावायचाच नाही.

१८ फुटांच्या केबलची गोष्ट मोठी मजेशीर आहे. सीबीची अर्धी लहर साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट, तिथून हा आकडा आला. अर्ध्या लहरीच्या केबलमधून अँटेनाची खरी स्थिती खाली मीटरला जशीच्या तशी दिसते, एवढाच तिचा उपयोग. पण नेहमीच्या केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा हळू, दोन तृतीयांश वेगाने धावते, म्हणून सीबीलाही हिशेबाने १२ फूट लागतात. खुद्द ट्रकलाही लागू न पडणारा आकडा आपण नौकेवर पाळतोय. केबलच्या लांबीने अँटेना जुळत नाही. व्हीएचएफला केबल हवी गरजेपुरती लांब आणि शक्य तितकी जाड. बारीक आरजी-५८ दर दहा मीटरला साधारण दोन डेसिबल खाते, म्हणजे २५ वॉटचे १६ उरतात. जाड आरजी-२१३ वर २० उरतात. केबिनच्या कोपऱ्यात गुंडाळलेली प्रत्येक फेरी ही फुकट घालवलेली शक्ती आहे. कापा ती, फक्त प्लग नीट डाखून लावा.

लांब काठीबद्दल. जास्त गेनचा (डेसिबलचा आकडा मोठा असलेला) अँटेना नवी शक्ती तयार करत नाही, तो आहे तीच आडवी दाबून क्षितिजाकडे फेकतो. मोठ्या, स्थिर जहाजावर हे चांगलं. पण लाटांवर डुलणाऱ्या होडीवर ९ डेसिबलचा उंच अँटेना एकदा आभाळात बोलतो, एकदा पाण्यात, आणि आवाज तुटक येतो. लहान होडीला मीटरभराचा ३ डेसिबलचा पुरतो. होडी फायबरची असेल तर अर्ध्या लहरीचा घ्या, त्याला खाली धातूचा पत्रा लागत नाही.

पल्ला वाढतो तो काठीच्या लांबीने नव्हे, ती कुठे उभी आहे त्या उंचीने. दोन्ही नौकांचे अँटेने पाण्यापासून ६ मीटरवर असतील तर पल्ला सुमारे २० किलोमीटर. दोन्ही ९ मीटरवर नेले तर २५. तोच ६ मीटरवरचा अँटेना किनाऱ्यावरच्या शंभर मीटर उंच सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) स्टेशनशी ५० किलोमीटरवरून बोलू शकतो. जागा निवडताना लोखंडी दोर आणि दुसऱ्या अँटेनापासून मीटरभर तरी लांब ठेवा.

बूस्टरला याहून जास्त शब्द नकोत. नौकेच्या व्हीएचएफला २५ वॉटची मर्यादा आहे. क्षितिजाआड गेलेल्या होडीपर्यंत १०० वॉटही भरवशाने पोचत नाहीत, आणि बूस्टरमुळे तुम्हाला समोरच्याचा आवाज काही मोठा ऐकू येत नाही.

राहिला वेरावळचा पुरावा. एक तर वेरावळची बोट म्हणजे वेरावळच्या बंदरात उभी असलेली बोट नव्हे. ती तुमच्यापासून पंधरा किलोमीटरवरही जाळं ओढत असेल. दुसरं म्हणजे खरोखर लांबचा आवाज येतोही, मी स्वतः ऐकलाय. पावसाळ्याआधी जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्रावरच्या दमट, गार हवेवर पसरते आणि मधल्या थरात लहरी नळीत अडकल्यासारख्या दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या दीड मीटर लहरीच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी हजार मैलांहून लांबून येत, ते याचमुळे. त्या तांडेलाने जुनी काठी ठेवली असती तरी त्या रात्री बोलणं झालंच असतं. वारा जोराने सुटून हवा ढवळली की ही नळी मोडते, आणि हाक मारायची पाळी नेमकी तेव्हाच येते.

म्हणून नारळी पौर्णिमेआधी, नौका वर असतानाच, वरचा प्लग सोडून मोकळ्या टोकाची ती परीक्षा घ्या. १ वॉटवर, क्षणभर, चॅनल १६ सोडून दुसऱ्या रिकाम्या चॅनलवर. काटा टोकाकडे न जाता खालीच राहिला तर केबल बदला. प्लग परत लावल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येईल आणि पावसाचं पाणी फटीत न शिरता ओघळून जाईल. मग हंगाम सुरू झाल्यावर एखाद्या दुपारी, भर वाऱ्यात, सोबतच्या होडीला लांब जायला सांगा आणि दर दोन किलोमीटरला आवाज विचारा. तो कुठे तुटतो ते अंतर केबिनमध्ये लिहून ठेवा.