चौकात मेंढरं नकोत म्हणे

नात्यातल्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. रामबागेतल्या कुणीतरी सुचवलं, की घोड्यावरचे सरदार पुष्कळ झाले, इंदूरच्या एखाद्या चौकात मेंढरांसकट धनगराचं शिल्प बसवावं. त्यावर मामांपासून भाचरांपर्यंत सगळे तुटून पडले. होळकरांची शान तलवारीत आहे म्हणे, लोकरीत नाही.

मला हे फार झोंबलं. मल्हारराव लहानपणी तळोद्याला मामाकडे मेंढरंच राखत, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. इंदूरच्या लालबाग राजवाड्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं आहे, हे पाहुण्यांना कौतुकाने दाखवता ना? मग त्याच लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा सभापती लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतो, हेही सांगा. चौदाव्या शतकापासूनची चाल आहे. ज्या लोकरीने देशाला पैसा दिला, तिची तिथे कुणाला लाज वाटत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते, त्या आमच्या हर्टफर्डशरमध्येच पेरी ग्रीन या गावी शिल्पकार हेन्री मूर राहत. १९७२ साली फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनासाठी शिल्पांची बांधाबांध चालली होती. त्या गोंगाटाला कंटाळून ते छोट्या स्टुडिओत जाऊन बसले आणि खिडकीबाहेरच्या मेंढ्या बॉलपेनने काढत राहिले. आधी नुसते लोकरीचे गोळे दिसले, मग हळूहळू त्याखालचं शरीर दिसू लागलं. त्यांचं 'शीप पीस' हे ब्राँझचं भलंमोठं शिल्प तिथल्या कुरणातच उभं आहे. मेंढ्या त्याला अंग घासतात, त्याच्या आडोशाला बसतात. चौथरा नाही, कठडा नाही.

आणि इंदूरला नवं शिल्प वर्ज्य कधी होतं? यशवंतराव होळकर दुसरे यांनी पॅरिसच्या ब्रांकुशी या शिल्पकाराची पक्ष्यांची तीन शिल्पं विकत घेतली, मंदिर उभारण्यासाठी त्याला इंदूरला बोलावलं. मंदिर झालं नाही, पण राजाची नजर बघा! पॅरिसचा पक्षी चालतो, मग घरचं मेंढरू का नको?

मामांनी लिहिलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." इथेही लोकरीला भाव नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्यातून निघत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मामांना आयतंच कोलीत मिळालं असतं.

आजोबांची काळी घोंगडी माझ्याकडे आहे. चिंचोक्याची खळ दिलेली, हाताला खरखरीत, दमट हवेत वास मारणारी. मुलं ती अंगावर घेत नाहीत, मी घेते. इथे कुणी विचारलं तर मी इंदूरची. इंदूरला मात्र मला आता पाहुणी म्हणून सराफ्यातल्या खाऊगल्लीत खायला नेतात. मला पाहुणी व्हायचं नाही, म्हणून मी या वादात बोलणारच.

शिल्प बसवा. मेंढा इतका बुटका ठेवा, की पोरांना पाठीवर चढता येईल. आणि मारवाडचे रेबारी मेंढपाळ दरवर्षी कळप घेऊन माळव्यात उतरतात, त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हातून उद्घाटन करा. मंत्री नको.