वही घेऊन जत्रेला जाताय?

यंदा गावच्या जत्रेत आक्षेपार्ह काही चालू द्यायचं नाही, असं ठरवलंत ना? उत्तम. भावना दुखवून घ्यायला कोणीतरी जागं हवंच. बाकीचे पहाटे तीनला पेंगतात.

जाण्याआधी थोर पूर्वसुरींचा अभ्यास करा. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं, पण त्यातल्या कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसून बंदी यायला १९१० उजाडलं. तुम्ही एवढा उशीर करू नका. १९२१च्या 'भक्त विदुर'चा कित्ता गिरवा. महाभारतातल्या विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी दिसली आणि मद्रासेत बंदी! चित्रपट मुका, त्यामुळे संवाद ऐकण्याचाही त्रास नाही. अगदीच दया आली तर नाव बदलून घ्या. प्रभातच्या 'स्वराज्य तोरण'मधलं 'स्वराज्य' खुपलं, म्हणून १९३० साली तो 'उदयकाल' होऊन लागला. शिवाजी महाराजांनी किल्ला खुशाल घ्यावा, फक्त कशासाठी ते पाटीवर नको.

आता मुख्य काम. पालखी झाली की दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, उभा राहील. संहिता मागा. मिळणार नाही. कुणी लपवली म्हणून नव्हे, ती लिहिलेलीच नसते. तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि बोलणं सुचतं ते मंचावरच्या बाकड्यावर बसल्यावर. समजा कीचकच निघाला, तर अर्धवट राहिलेल्या रस्त्याबद्दल तो काय बोलेल हे त्यालाही ठाऊक नसतं. कात्री लावायची कुठे? पखवाजाला?

त्याआधी आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, संकासूर नावाचा विनोदी राक्षस येईल. त्याने वेद चोरले, ते चालेल, धार्मिकच आहे. पण वही-पेन घेऊन पुढे बसू नका, पहिली कोटी तुमच्यावरच होईल. तरीही शिव्यांची यादी करायचीच असेल, तर पहिला मान मालवणी 'आवशीचो घो'ला. घो म्हणजे नवरा. आईचा नवरा. म्हणजे तुमचे तीर्थरूप. तक्रार अर्जात 'आक्षेपार्ह शब्दाचा अर्थ' या रकान्यात 'वडील' असं सुवाच्य अक्षरात लिहा.

लिहिताना मान खाली ठेवा. मागून आजोबा ओरडतीलच, "ओ भाऊ, वायच बाजूक सरा, संकासूर दिसना नाय!"